मूठभर मीठ

"अहो, मेला हो बिचारा!" कुमुदताईंनी नवऱ्यापुढे ओंजळ धरली. इक्वाडोरच्या डोंगरातल्या त्या कडाक्याच्या पहाटे, हॉटेलच्या अंगणात त्यांना हमिंगबर्ड फांदीला उलटा लटकलेला दिसला होता. अलगद सोडवून घेतला, तरी हलला नाही. अंगठ्याएवढा जीव, हिरवाकंच, बर्फासारखा थंड.

"फेक झुडपात," दिनकरराव पांघरुणातूनच म्हणाले.

पण परमुलखात झालं म्हणून काय, बेवारशासारखा कसा फेकायचा? कुमुदताईंनी चमच्यानं झाडाखाली खड्डा खणला. माहेरी मांजर पुरताना घालायचे तसं तळाशी मीठ घातलं. डायनिंग हॉलमधली मीठदाणीच उपडी केली. पाखराला उताणं निजवलं, पंख मिटवले, वरून माती घट्ट दाबली आणि हात जोडले. तेव्हा कुठे त्यांना बरं वाटलं.

नाश्त्याला टूर मॅनेजर टाळी वाजवून म्हणाला, "मंडळी, चला, गंमत दाखवतो! रात्रीच्या थंडीत इथले हमिंगबर्ड अगदी मेल्यासारखे होतात. सकाळी अंगात ऊब आली, की उडाले भुर्रकन!"

"आमच्या हिनं एक जिवंत पुरलाय!" दिनकरराव म्हणाले, आणि सगळं टेबल खो खो हसलं.

कुमुदताई धावत सुटल्या. नखांनी माती उकरली. उताणा निजवलेला हमिंगबर्ड पालथा झाला होता. मिटवलेले पंख पसरले होते. आणि मधासाठी घडलेल्या त्या लांब चोचीत मीठ भरलं होतं.