प्लॅस्टिकचा ‘श’

सलाउद्दीनचाचांनी छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका छापायचं जुनं नक्षीदार लाकडी अक्षर नुसता अंगठा फिरवून ओळखायचे. माझा पंचवटीत नंबरप्लेटचा धंदा, आणि छंद लोकांना गंडवायचा. दर शुक्रवारी नमाजानंतर मी त्यांना घरी लाकडात कोरलेलं, शाई फासलेलं अक्षर जुनं म्हणून द्यायचो. “खोटं! वेलीचं पान उलटं कोरलंस, गाढवा!” चाचा ठसका लागेपर्यंत हसायचे. बारा वर्षांत एकदाही फसले नाहीत. आज मस्ती म्हणून सरळ प्लॅस्टिकचाच ‘श’ नेला. चाचांनी त्यावर अंगठा फिरवला. “असली आहे, बेटा. जुनं सागवान.” मी जिंकलो होतो, पण टाळीसाठी उचललेला हात तसाच राहिला. त्यांचा अंगठा धरून मीच पुन्हा अक्षरावर फिरवला. “चाचा, नीट बघा ना. पकडा ना मला!” “पकडू कशाला?” ते खुशीत म्हणाले. “आज पहिल्यांदा तर असली माल आणलास.”