भारंभार

देवाशी व्यवहार करताना माणसाने हिशेब करू नये, असं शास्त्र सांगतं. शास्त्र सांगणाऱ्याचं गुळाचं दुकान नसावं. दिनानाथशेटचं होतं. त्यामुळे विरूपाक्षाच्या मंडपात तुलेची तयारी झाली, भटजी बसले, माणसं जमली, तरी शेट बायकोकडे बघून मनात वजाबाकी करत होते.

"बांगड्या उतरव," ते हळूच म्हणाले.

"काचेच्या आहेत," कमळाबाई म्हणाल्या.

"काचेला वजन असतं."

कमळाबाईंनी बांगड्या उतरवल्या नाहीत.

नवस जुना होता. कमळाबाई विषमज्वराने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा शेट बोलून गेले होते, ही उठली तर हिच्या भारंभार गूळ वाटीन. त्या वेळी कमळाबाईंना चादरीखाली शोधावं लागे. नवस बोलायला मुहूर्त उत्तम होता. पण त्या उठल्या, जेवू लागल्या, आणि शेट 'पुढच्या वर्षी' म्हणू लागले. दर वर्षी गूळ वाढला आणि कमळाबाईही. यंदा मुलीची सोयरीक दोनदा मोडली, तेव्हा तो नवस घरात सगळ्यांना एकदम आठवला.

शेटांनी मुंबईहून एक बाटली आणली. भूक मारायच्या गोळ्या. सिनेमातल्या बायका घेतात म्हणे. कमळाबाईंनी बाटली आधी दिवेकर डॉक्टरांना दाखवली.

"गोळी भूक मारते," डॉक्टर म्हणाले. "चरबी कुठली आणि मांस कुठलं, हे तिला कळत नाही. नुसत्या उपाशी राहिलात तर दोन्ही जाईल, आणि पुन्हा भिंत धरून चालाल. आणि छाती धडधडली तर त्याच दिवशी बंद."

भिंत धरून चालणं कमळाबाईंना आठवत होतं. त्या वर्षी पाण्याचा तांब्या त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. चरबीला त्यांचाही विरोधच होता. जिना चढताना धाप लागायची. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "चरबी घ्या तुमची. ताकद मी देणार नाही."

मग एकाच घरात दोन मोहिमा सुरू झाल्या. सकाळी शेट स्वतःच्या हाताने गोळी देत. कमळाबाई ती गिळत आणि भूक नसताना पानावर बसत. भाताची मूद लहान झाली. शेजारी डाळ, अंडी, भाजलेला बांगडा. औषध घ्यावं तसं चावून त्या ते संपवत. मग पदर खोचून उखळापाशी उभ्या राहत. शेटांची भाताची गिरणी होती. गिरणीच्या मालकाची बायको मुसळाने भात सडते, हे बघायला आळीतल्या बायका पाणी भरायचं सोडून येत.

"गिरणी बंद पडली का हो, वहिनी?"

"गिरणी चालू आहे. मी बंद पडू नये म्हणून हे."

चार महिन्यांत पोट गेलं. चोळ्यांना दोनदा टिपा घालून झाल्या. नजरेने वजन सांगण्यात शेटांचा हात धरणारा पनवेलात कोणी नव्हता. त्यांनी बायकोला दुरूनच तोललं आणि देवळात मोजून दहा ढेपा आणल्या. त्यातलीही एखादी परत नेता येईल, असा त्यांचा होरा होता.

त्याला कारण काटा. देवळात एवढा मोठा नव्हता, म्हणून शेटांनी आपला आणला. त्यांच्याकडे दोन काटे होते. एक माल द्यायचा, एक घ्यायचा. गावोगावचं भात घ्यायच्या काट्यावर तोललं जाई, आणि मालाच्या पारड्यात पडलं की जरा हलकं भरे. गाडीत हलून हलून कमी होतं, असं शेट सांगत. मंडपात टांगला होता तो हाच. मालाच्या पारड्याला झेंडूची माळ बांधली होती.

"बैस," माळेकडे हात करून शेट म्हणाले.

कमळाबाईंनी माळेकडे बघितलं. मग वळून समोरच्या, वजनं ठेवायच्या पारड्यात जाऊन मांडी घातली.

"तिकडे नाही, इकडे!"

"तिकडे माल बसतो," कमळाबाई म्हणाल्या. "मी माल नव्हे. मी माप."

शास्त्राला दोन्ही चालतं, असं भटजींनी सांगितलं. शेटांना ते चालण्यासारखं नव्हतं, पण का, ते चारचौघांत सांगता येण्यासारखंही नव्हतं. माळेच्या पारड्यात गूळ चढू लागला. दहाही ढेपा संपल्या. कमळाबाई जमिनीवरच होत्या.

पुढे कोन गावचा बुधाजी उभा होता. त्याचं भात दर सुगीला शेटांकडे येई. "शेट," तो म्हणाला, "वयनी तं येवऱ्या बारीक झाल्या, न् गूळ पुरत नाय. काट्यात कायतरी खोट नाय ना?"

माना काट्याकडे वळल्या. मंडपात निम्मे लोक भात घालणारे होते.

"काट्यात खोट?" शेट ओरडले. "माझा काटा आहे! हिने मुसळ मारून मारून अंगात लोखंड भरलंय, त्याला काटा काय करणार?"

"मंग घाला आनखी," बुधाजी म्हणाला.

दुकानातून अकरावी ढेप आली. ती वर चढवायला शेट स्वतः वाकले आणि कंबर धरून तसेच राहिले. कमळाबाई उतरल्या, ढेप उचलून पारड्यात ठेवली, परत आपल्या जागी जाऊन बसल्या. या वेळी त्यांचं पारडं जमिनीला टेकलं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मुसळाने अंगात लोखंड भरतं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत उरणला पोचली, आणि पनवेलात अडगळीतली उखळं बाहेर निघाली.

चार दिवसांनी दिवेकर डॉक्टरांनी कमळाबाईंना दवाखान्यातल्या यंत्रावर उभं केलं. त्या बरोबर दहा ढेपा भरल्या.