पत्र्यावरचा तळहात

"हाक मारली तरी पिल्लू वळत नाही गं, कान दाखवून घे," आई म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. नवरा त्याची रेझोनेटर गिटार, म्हणजे पोटावर पत्र्याची तबकडी असलेली, वाजवायला बसला, की आमचं तान्हं पिल्लू त्या तबकडीवर हात ठेवून खिदळायचं. मग ऐकू येत नाही कसं?

काल आम्ही त्या गिटारला पिकअप, म्हणजे तिचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारं यंत्र, निवडायला दुकानात गेलो. दोन्ही पिकअप मला सारखेच वाटले.

"वहिनी, हा तारांचा आवाज घेतो," दुकानदार म्हणाला. "आणि हा तबकडीला चिकटवायचा. ह्याला हवेतला आवाज कळत नाही, नुसती पत्र्याची थरथर कळते."

नवऱ्याने दुसरा लावून तार छेडली. स्पीकर असा किंचाळला, की आम्ही तिघांनी कानांवर हात दाबले. बाबागाडीतलं पिल्लू पंख्याकडे बघत राहिलं.

"वादकाचा पोरगा," नवरा कौतुकाने म्हणाला. "दचकलासुद्धा नाही. बोल, कुठला घेऊ?"

मी पिल्लाला उचललं, त्याचा तळहात पत्र्यावर टेकवला आणि तार छेडली. ते खिदळलं.

तुमच्या घरी तान्हं असेल, तर त्याला एकदा पाठीमागून, हात न लावता हाक मारून बघा.