गुणाजीचे हात

“तक्रार कसली लिहू, शेवंताबाई?” सामंत वकिलांनी चष्मा काढून विचारलं. “डॉक्टरनं तुमच्या नवऱ्याला जगवलं, अशी?”

कुर्ल्याच्या कोर्टाबाहेर, त्यांच्या टेबलापुढच्या बाकड्यावर शेवंती अवघडून बसली होती. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. गुणाजीची उभी हयात गिरणीत गेली, कापसाच्या धुळीनं छाती निकामी झाली. थोरल्या भावाचं, दादूचं, तेच झालं होतं. घशात नळी, शेजारी मशीन. बोलता येईना, गिळता येईना. तसाच पडून पडून गेला. उशाशी गुणाजीच बसायचा. म्हणून घाटकोपरच्या इस्पितळात दाखल होतानाच त्यानं शेवंतीदेखत डॉक्टरांना बजावलं होतं, “माझ्या घशात नळी घालायची नाय. श्वास संपला की मला सोडायचं.”

डॉक्टर हो म्हणाले होते.

मग एका सकाळी त्याचा श्वास अडकला. शेवंती खाली चहा आणायला गेली होती. वर आली तर नळी घालून झाली होती. शुद्धीवर येताच गुणाजीनं ती उपटायला हात घातला. तेव्हापासून त्याचे दोन्ही हात खाटेला बँडेजनं बांधलेले.

“मी विचारलं डॉक्टरांना,” शेवंती म्हणाली. “ते म्हणाले, नळी घातली नसती तर उद्या तुम्हीच मला कोर्टात उभं केलं असतं. आता घातली म्हणून उभं करते. करता येईल ना?”

सामंतांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“नाही, बाई. नको म्हणणाऱ्याला जगवलं म्हणून डॉक्टरला शिक्षा व्हावी, असा कायदा आपल्याकडे नाही. पण नळी परस्पर काढली आणि माणूस गेला, तर काढणाऱ्यावर खुनाचा खटला होईल.”

“आणि ह्यांनीच आपल्या हातानं काढली तर?”

“हात कुणी सोडले, ते पोलीस विचारतील.”

शेवंती उठली. त्यांना नमस्कार करायचंही तिला सुचलं नाही.

इस्पितळात पोचली तेव्हा भेटायची वेळ झाली होती. वॉर्डात माणसांची ये-जा चालू होती. गुणाजी जागा होता. सकाळपासून त्यानं उजवं मनगट खाटेच्या लोखंडी कडेवर घासलं असावं. कातडी सोलवटली होती, आणि बँडेजची गाठ सुटत आली होती. एक हिसका दिला असता तर हात मोकळा झाला असता. पण तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

त्यानं शेवंतीकडे बघितलं, मग हाताकडे. नजरेत विनवणी नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात शेवंतीला एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागली नव्हती.

शेवंतीनं मागं वळून पाहिलं. दाराशी उभी असलेली नर्स तिच्याकडेच बघत होती.

ती खाटेवर वाकली. तिची बोटं गाठीला लागताच गुणाजीचा चेहरा सैल पडला. सगळं उरकल्यासारखं त्यानं शांतपणे डोळे मिटून घेतले.

शेवंतीनं बँडेजची दोन्ही टोकं धरली आणि गाठ घट्ट आवळली.