पाठवणीसाठी राखलेले चार तास

पाठवणीच्या वेळी मुक्ता आईच्या, कुमुदच्या गळ्यात पडली, कार्यालयाच्या दारातल्या बायका डोळे पुसू लागल्या. कुमुद मात्र कोरडीच राहिली.

स्तनातली गाठ काढल्यावर कुमुदच्या दंडात बसवलेली चकती इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा निरोप कुठल्याच पेशीपर्यंत पोहोचू देत नव्हती. पाच वर्षांत गाठ परतली नाही, पण चकतीने रडूही आटवलं. वर्षातून चार तास चकती थांबवायची मुभा होती. ते तिने आजसाठी राखले होते आणि चकतीचं बटण तासाभरापूर्वीच दाबलं होतं.

तिने बाजूला होऊन दवाखान्यात फोन लावला.

"सिस्टर, चकती थांबलीच नाही वाटतं."

"काकू, तुमचा कोर्स जानेवारीतच संपला. तेव्हाच आम्ही इथून ती कायमची बंद केलीय. मेसेज नाही का मिळाला?"

"बरं," म्हणून कुमुदने फोन ठेवला आणि मुक्ताच्या ओटीतला घसरणारा नारळ सरळ केला.