मार्टिनची लॉटरी

प्लॉटच्या कागदपत्रांसाठी मुलाने ईमेल उघडून दिला, तेव्हापासून जासईच्या हिरामणतात्यांच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. प्लॉटचं पत्र काही येईना, पण कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या मार्टिनचा मेल रोज सकाळी हजर. 'तुम्हाला चार कोटींची लॉटरी लागली आहे. फी या खात्यात भरा.'

"आला मुडद्याचा मेल!" म्हणत तात्या तो डिलीट करायचे.

मग टीव्हीवर त्याच बेटावरच्या वादळाच्या बातम्या दिसू लागल्या आणि मार्टिनचे मेल थांबले. चार दिवस तात्या सकाळी फोन बघायचे आणि चिडून आपटायचे. पाचव्या दिवशी त्यांनी सुनेला हाक मारली. "रंजिता, इंग्रजीत लिव त्याला. मुडद्या, जित्ता हायस ना?"

संध्याकाळी उत्तर आलं. रंजिताने वाचून दाखवलं, "घर वाहून गेलं. मुलांना घेऊन शाळेत राहतोय. आमची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच."

तात्यांनी तो मेल पार शेवटपर्यंत दोनदा सरकवून पाहिला आणि सुनेवरच खेकसले,


"आन आता खरी गरज हाय, तवा खात्याचा नंबर का नाय टाकला या मुडद्यानं?"