तीन नावं

भाऊरावानं फेरफाराचं रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "मयत भगवंतराव यांचे वारस. मंजुळाबाई, पत्नी. रुख्मिणी, पत्नी. सहदेव, मुलगा. झालं. या, अंगठे द्या."

चावडीत चौघंच होती. पटवारी नारायणराव, भगवंतरावाच्या दोन्ही बायका आणि धाकट्या रुख्मिणीचा भाऊ भाऊराव. तो तेरवीला खामगावहून आला होता आणि भगवंतरावाचं वावर बहिणीच्या नावावर नीट लागल्याशिवाय परतणार नव्हता. धाकटीचा सहदेव सात वर्षांचा. तो शाळेत गेला होता. थोरलीला मूल नव्हतं.

मंजुळाबाई जागची उठली नाही. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोळे होते. तिचं नाव घेताना भाऊरावाचं बोट हललं नव्हतं. मग पुढच्या दोन नावांना ते दोनदा खाली सरकलं होतं.

"दुसऱ्या कोनाकडून वाचून घेऊ," ती म्हणाली.

"काऊन? माह्यावर भरोसा नाई?" भाऊराव हसला.

नारायणराव टाकाची निब दौतीच्या काठाला पुसत राहिले.

बाहेर वरवट बकाल गावचा पोस्टमन उत्तमराव सायकल भिंतीला लावून रांजणातलं पाणी पीत होता. मंजुळाबाईनं त्याला हाक मारली.

"उत्तमराव, एवढं वाचून द्या. आता लेह्यलेलं हाय, ते."

उत्तमराव आत आला. इतकी वर्षं दारोदारी लोकांची पत्रं वाचून दाखवत होता, तसंच त्यानं हेही वाचलं. "मयत भगवंतराव यांचे वारस. रुख्मिणी, पत्नी. सहदेव, मुलगा."

"अजून?"

"अजून काई नाई, बाई."

उत्तमरावाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यानं तीच ओळ पुन्हा मनातल्या मनात वाचून पाहिली.

"भाऊरावानं सांगतलं तसं लेह्यलं म्या," नारायणराव खाली पाहत म्हणाले. "मले वाटलं, तुमचं घरात बोलनं झालं असन."

"आता बोलतो ना मी!" भाऊरावाचा आवाज चढला. "तिले पोर ना बाळ. उद्या तिचे भाचे येऊन हिस्सा मागतीन, मंग माह्या भाच्यानं काय करावं? तिले भाकर काय कोनी तोडून राह्यलं?"

मंजुळाबाईनं पदर सारखा केला. वाद घालायला ती आलीच नव्हती. काय लिहिलंय तेवढं तिला ऐकायचं होतं, ते ऐकून झालं होतं. ती भिंतीचा आधार घेऊन उठली.

"चाल रुखमे. पोरगं शाळेतून यीन."

रुख्मिणी खांबाला टेकून बसली होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. आता तिनं मान वर केली.

"बाई, मले माहीत होतं. दादानं काल रातीच सांगतलं होतं."

मंजुळाबाई तिच्याकडे पाहत राहिली. ते मात्र तिला बोटावरून कळलं नव्हतं.

"मी काई बोलली नाई," रुख्मिणी म्हणाली. "मले वाटलं, बोलली तर दादा रुसन. मले दुसरं माहेर नाई." मग ती उठून पटवाऱ्याच्या समोर जाऊन बसली. "पटवारीबुवा, पुन्हा लेहा. पयलं नाव बाईचं."

"रुखमे, तुले समजते का काई?" भाऊराव ओरडला. "पोरगं तुह्या पोटचं हाय!"

"हाव, पोटचं हाय. पन माय म्हनते तो तिले. मले अजून रुखमाच म्हनते." ती भावाकडे वळली. "संध्याकाळी तो इचारन, मायचं नाव काऊन नाई लेह्यलं. मंग मी काय सांगू? तू सांगशीन?"

भाऊरावानं टोपी उचलली. "मंग आता माह्या दारात येजो नोको," असं म्हणून तो चावडीच्या पायऱ्या उतरून गेला.

नारायणरावांनी चष्मा लावला. जुन्या नोंदीवर तिरपी रेघ मारली, बाजूला सही केली आणि खाली सावकाश लिहायला घेतलं. निब कागदावर कुरकुरत होती. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतः वाचलं नाही. रजिस्टर फिरवून उत्तमरावापुढे सरकवलं.

"मयत भगवंतराव यांचे वारस," उत्तमराव वाचू लागला. "मंजुळाबाई, पत्नी. रुख्मिणी, पत्नी. सहदेव, मुलगा. फेब्रुवारी एकोणीसशे बासष्ट."

"पुन्हा वाचा," रुख्मिणी म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

दोघींनी अंगठे दिले. शाई पुसायला चावडीत कापड नव्हतं. मंजुळाबाईनं आपला अंगठा भिंतीला पुसला, मग रुख्मिणीचा हात धरून तिचा अंगठा आपल्या पदराच्या टोकानं पुसून काढला. रुख्मिणी आता हुंदके देत होती.

"रडू नोको. तो कुठवर गेला असन?"

"कोन?"

"तुहा भाऊ. घरून तसाच उठून आला होता. सकाळपासून पोटात काई नाई त्याच्या."

रुख्मिणी हलली नाही. मंजुळाबाई चावडीच्या पायरीवर गेली. भाऊराव नाल्याच्या वळणापर्यंत पोचला होता. उन्हात तिला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

"भाऊराव!" तिनं जोरानं हाक मारली. "खामगावच्या बसले टाइम हाय अजून! घरी चाला, भाकर खाऊन जा!"